जुन्या सिस्टीमसाठी दोन दाबा

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील. भावोजींचा गुडघा, भाचीची परीक्षा, वर्कशॉपच्या मागच्या खिडकीचं न लागणारं दार, सगळं ठीकठाक आहे असं धरून चालतो, कारण विचारायची सोय नाही. आमच्याकडे सगळे मजेत. धाकटीला पुढचे दोन दात आलेत आणि ती ते दिसेल त्याला दाखवत सुटली आहे. तुझी भावजय म्हणते, पत्रं कसली लिहितोस, सरळ फोन कर ना. तिला म्हटलं, फोन होतो की आमचा. ती माझ्याकडे बघतच राहिली.

काल सकाळी पुन्हा तुझा फोन आला होता. आता उगाच "कोणाचा फोन, कसला फोन" करू नकोस. लहानपणी ज्या आवाजाने मला गल्लीच्या त्या टोकावरून "घरी येतोस की येऊ तिथे?" अशी हाक यायची, तो आवाज मी ओळखणार नाही? तू म्हणालीस, "नमस्कार साहेब, भरतकामाच्या वर्कशॉपमधून बोलतेय." साहेब! हे आपलं गेल्या उन्हाळ्यापासून चाललंय, तरी दर वेळी मला हसू आवरत नाही. पण आमचे फोन रेकॉर्ड होतात आणि मालक अधूनमधून ते ऐकतात. शिवाय तू साहेब म्हणणार आणि मी ताई म्हणणार? अजिबात नाही. मीही म्हटलं, "बोला मॅडम, स्क्रीनवर काय दिसतंय?"

तू जो संदेश वाचून दाखवलास तो खरा आहे. मशीनला डिझाइन पोचवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन जुन्या सिस्टीमवर बसतच नाहीये. शेवटपर्यंत व्यवस्थित जातं आणि तिथे "एक फाइल सापडत नाही" म्हणून तोंड फिरवतं. तू एकटी नाहीस. गणवेशवाले, मोजे विणणारे, झाडून सगळे जुन्या सिस्टीमवाले सकाळपासून माझ्या मागे लागलेत. तुझ्या टोप्यांवरचं भरतकाम अडू देऊ नकोस, तोवर आधीचंच व्हर्जन वापर.

आणि गंमत बघ, ज्या कामावरून आपलं वाजलं तेच काम अडलंय. "प्रोग्रॅम दुसरे लिहितात, हा नुसता डब्यात भरून देतो," असं तू भरल्या पंगतीत म्हणालीस. मग मी तुझ्या कॉम्प्युटरला भंगार म्हटलं. मग तू म्हणालीस, पुन्हा इथे येऊ नकोस. मी म्हटलं, नाहीच येत, जा. भावोजी भाजीचं भांडं घेऊन मध्येच उभे, कोणाला वाढावं ते त्यांना कळेना. चूक कोणाची ते तुझं तू ठरव. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलेलं आहे.

पण आता विषय निघालाच आहे तर ऐक. प्रोग्रॅम लिहिणारा लिहितो त्याच्या मशीनवर. त्याच्याकडे शंभर फायली आधीच येऊन बसलेल्या असतात, त्याच्या प्रोग्रॅमला काय लागतं हे त्यालाही धड माहीत नसतं. गिऱ्हाइकाकडे त्यातलं काय असेल, काय नसेल, देव जाणे. कोणाची सिस्टीम दहा वर्षं जुनी, कोणाची परवा आलेली, कोणी मधलं अपडेट अर्धवट सोडलेलं. या सगळ्यांकडे एकाच सेटअपने, म्हणजे प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या माझ्या त्या डब्याने, जायचं, काय आहे ते बघायचं, नसेल ते बरोबर न्यायचं आणि असलेल्याला धक्का लावायचा नाही. परक्या घरी राहायला जाताना टॉवेल, साबण आपला न्यावा आणि त्यांच्या कपाटात हात घालू नये, तसं. हे नीट जमलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून तर तुझ्यासारख्यांना वाटतं की यात आहे काय एवढं.

मालक मात्र वैतागलेत. म्हणतात, "पुढच्या व्हर्जनपासून जुन्या सिस्टीमला रामराम. झालं ते खूप झालं." म्हणजे फोनवरचं ते "नव्या सिस्टीमसाठी एक दाबा, जुन्या सिस्टीमसाठी दोन दाबा" सुद्धा जाणार. एक दाबलं की रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज लागतो, तो राहील. दोन दाबलं की मी लागतो, ते बंद.

मला काय, उलट बरंच आहे. तेवढीच कटकट कमी. तुला आधी कळलेलं बरं म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

भावोजींना नमस्कार, भाचीला शाबासकी, ती कशाबद्दल ते तूच ठरव.

तुझा,
नाइलाजाने झालेला साहेब


१९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राचं उत्तर आलं नाही, येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण पत्र पोचलं हे मला चांगलं कळलंय. कसं ते सांगतोच, जरा दम धर.

आधी मोठी बातमी. घोटाळा सापडला.

आमच्याकडे खिडकीशी एक जुनं मशीन आहे, त्याला आम्ही "कोरं मशीन" म्हणतो. त्याच्यावर जुनी सिस्टीम आणि बाकी शून्य. सेटअप तयार झाला की आधी तिथे बसवून बघायचा, कारण जे कोऱ्यावर चालतं ते कुठेही चालतं. चाचणी झाली की मशीन पुन्हा पहिल्यासारखं कोरं करायचं. त्यासाठी एक मूळ प्रत ठेवलेली असते, ती वरून ओतली की सगळं साफ. या कामावर आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला सगळे "बारकाई" म्हणतात. भिंतीवरचं घड्याळ किंचित तिरपं असेल तरी ती उठून सरळ करते. तिने आमचा सेटअप कोऱ्या मशीनवर पुन्हा पुन्हा बसवला आणि दर वेळी तो गुपचूप बसला. तिकडे तुम्ही सगळे ओरडताय आणि इकडे आमचं आपलं छान चाललंय. मी तर म्हणायला लागलो होतो की गिऱ्हाइकंच काहीतरी चुकीचं दाबत असतील. हो, त्यात तूही आलीस.

मग बारकाईने कोऱ्या मशीनवर काय काय आहे ते एकेक करून बघायला घेतलं. बघते तर काय, एका कोपऱ्यात पत्त्यांचा खेळ! साधासुधा नाही, रंगीत, आवाजबिवाज येणारा. तो खेळ स्वतःबरोबर नेमकी तीच फाइल घेऊन आला होता, जी आमच्या सेटअपला मिळत नव्हती. म्हणजे आम्ही उपाशी माणसाची परीक्षा जेवलेल्या माणसावर घेत होतो. आणि खेळ मूळ प्रतीतच होता, त्यामुळे मशीन कितीदाही कोरं केलं तरी पत्ते परत हजर.

कोणाचा खेळ म्हणून विचारपूस सुरू झाली. तेवढ्यात मालक केबिनमधून आले, म्हणाले काय गर्दी केलीय इथे, आणि स्क्रीन बघून त्यांचे कान लाल झाले. बारकाईने खेळ उघडला. सगळ्यात जास्त गुणांच्या जागी मालकांचं लाडाचं नाव! घरात त्यांना काय म्हणतात ते सगळ्या ऑफिसला कळलं. ते मी इथे लिहीत नाही, नोकरी आहे माझी. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की मालक खिडकीशी बसून डाव मांडायचे म्हणे.

मी ती फाइल सेटअपमध्ये घातली. नुसती कोंबली नाही हं. जिथे नाही तिथेच बसेल आणि जिथे आधीच नवी आहे तिथे हात लावणार नाही, अशी घातली. मूळ प्रत खरोखरची कोरी करून घेतली. दुसऱ्याच दिवशी गणवेशवाले, मोजेवाले, सगळे शांत.

आणि मग तुझा फोन. काय म्हणालीस आठवतंय? "साहेब, नवं बसलं, आभारी आहे." मी म्हटलं, "आनंद झाला मॅडम." तर तू म्हणतेस, "तुमच्या मागे लागणारी कटकट तेवढीच कमी झाली असेल, नाही का?" रेकॉर्डिंग चालू आहे, समोर बारकाई बसलीय आणि माझे शब्द मलाच ऐकवले जातायत! मला खोकला आला. तू वर विचारलंस, "पाणी पिता का साहेब? मी थांबते." आणि खरंच थांबलीस. फोनवर मागून तुझ्या मशीनच्या सुयांचा आवाज येत होता. मी पाणी प्यायलो. जरा जास्तच सावकाश प्यायलो.

तर पत्र पोचतं आणि तू ते वाचतेस. मला एवढं पुरे आहे.

आता आणखी एक. पत्त्यांनंतर मालक जरा मऊ झाले होते, ती संधी साधून मी जुन्या सिस्टीमचा विषय काढला. म्हटलं, चूक आपली होती, सिस्टीमची नाही. जुन्या मशीनवर ज्यांची पोटं आहेत त्यांना असं वाऱ्यावर सोडू नका. मोठाली भरतकामाची मशीनं जुन्या कॉम्प्युटरलाच जोडलेली असतात, कॉम्प्युटर बदलला तर मशीन ओळखच दाखवत नाही. फार बोललो. बारकाई माझ्याकडे टकामका बघत होती. तिने मला आजवर एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मालक म्हणाले, "अरे, पण जुन्यासाठी वेगळं बांधणं, वेगळं तपासणं, हे सगळं तूच करतोस. तुझंच काम वाढतंय. तुला काय पडलंय एवढं?"

मी म्हटलं, गिऱ्हाईक मोडायला नको. ते म्हणाले, बघू. पुढच्या महिन्यात ठरवू.

मी हे सगळं गिऱ्हाइकांसाठी केलं. भलते अर्थ काढू नकोस. तुझी भावजय आधीच काढून बसली आहे आणि स्वयंपाकघरात एकटीच हसते.

धाकटीचा तिसरा दात हलतोय म्हणून घरात धावपळ आहे. दात यायच्या वयात हलतो कसा म्हणून मीही घाबरलो, तर दाताला डाळीचं सालपट चिकटलं होतं. सगळी मंडळी अशी आहेत बघ आमची.

तुझा,
पाणी प्यायलेला साहेब


६ एप्रिल

ताई,

नमस्कार वगैरे राहू दे आज.

काल दुपारच्या फोनबद्दल लिहायचं आहे. तू बोललीस, मी बोललो, म्हणजे आपल्या दोघांनाही सगळं माहीत आहे. तरी मला ते एकदा कागदावर उतरवून काढायचंय. कालपासून डोक्यात तेच चाललंय, जेवताना मी पाण्यात मीठ घातलं.

तू म्हणालीस, "साहेब, डिझाइनची खिडकी फार लहान दिसतेय, मोठी होत नाही." किरकोळ तक्रार. गेल्या वर्षभरातल्या तुझ्या सगळ्या तक्रारी किरकोळच होत्या, हे काल माझ्या लक्षात आलं. एक ती फाइल सोडली तर. मी नेहमीसारखं म्हटलं, "खाली डाव्या कोपऱ्यात बटण आहे मॅडम, ते दाबा."

"कोपऱ्यात काही नाही साहेब. बटण मधोमध आहे."

"मधोमध?" मी विचारलं. तू घाईघाईने म्हणालीस, "नाही नाही, आहे की, डावीकडेच आहे." पण ताई, मी दिवसभर हेच करतो गं. जुन्या सिस्टीमचं ते बटण कायम डाव्या कोपऱ्यात. मधोमध आलं ते फक्त नव्या सिस्टीममध्ये. कोणाच्या स्क्रीनवर काय कुठे दिसतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

मी म्हटलं, "मॅडम, ही जुनी सिस्टीम नाही."

"जुना कॉम्प्युटर आज सकाळपासून सुरूच होत नाहीये," तू म्हणालीस. आवाज एकदम बारीक. "पंखा फिरत नाही त्याचा."

"मग हा कुठला?"

"हा नवा. लेकीने आणलाय."

"कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात." मग तूच पुढे सांगितलंस, "मशीनही यालाच जोडलंय. मशीनवाल्यांनी त्यांचं जोडणीचं नवं कार्ड बसवून दिलं. टोप्या, गणवेश, सगळं काम यावरच होतं."

"आणि आमचं सॉफ्टवेअर यावर कोणी बसवून दिलं?"

"कोणी नाही. मीच बसवलं. दोनदा दाबलं, बसलं. काही अडलं नाही, कोणाला विचारावं लागलं नाही. चांगलं काम केलंय ज्याने केलंय त्याने."

मला इथे बोलायला हवं होतं. पण मी मूर्खासारखं विचारलं, "मग मॅडम, जुना कशाला चालू ठेवलात? जागा अडते, वीज जाते."

तेव्हा तू म्हणालीस, "नव्यावर काही बिघडतच नाही हो साहेब. आणि एक दाबलं की ती बाई बोलते. तिला मी काय सांगू?"

ताई, समोर बारकाई बसली होती. तिने मान खाली घालून तिच्या मशीनची वायर उगाचच काढली आणि परत लावली. मला काही दिसेनासं झालं होतं. पण रेकॉर्डिंग चालू होतं, म्हणून मी म्हटलं, "मॅडम, ही तक्रार फोनवर सुटेल असं वाटत नाही. माणूस पाठवावा लागेल."

तू म्हणालीस, "पाठवा."

"कधी पाठवू?"

"त्यालाच विचारा त्याला कधी जमतंय ते. आम्ही काय, इथेच आहोत." आणि फोन ठेवलास.

आता माझं ऐक. मागच्या पत्रात मी लिहिलं की जुन्या सिस्टीमसाठी भांडलो ते गिऱ्हाइकांसाठी. गिऱ्हाइकांचं खोटं नाही, मोजेवाले खरंच अडले असते. पण मालकांनी विचारलं तुला काय पडलंय, तेव्हा माझ्या मनात मोजेवाले नव्हते. दोन दाबणं बंद झालं की तुझा आवाज बंद, एवढंच होतं. महिन्याभरात कधीतरी "नमस्कार साहेब" ऐकू आलं की माझा तो दिवस बरा जायचा. फोन नसला की मी विचार करायचो, आता हिच्याकडे काहीतरी बिघडू दे. स्वतः केलेलं काम बिघडावं म्हणून वाट बघणारा असा माणूस दुसरा नसेल. आणि तू तिकडे मरायला टेकलेल्या कॉम्प्युटरला रोज पुसून उभं करतेस! दोघंही एकाच वाणाची, दुसरं काय.

आज सकाळी मालकांनी बोलावलं. कालचा फोन त्यांनी ऐकला होता. मला वाटलं, झालं, गेली नोकरी. त्यांनी विचारलं, "या मॅडम कोण?" मी म्हटलं, "माझी मोठी बहीण." ते बराच वेळ टेबलावरचं पेन इकडून तिकडे करत बसले. मग म्हणाले, "मी जुने फोनही काढून ऐकले. त्या दर वेळी फोन ठेवायच्या आधी विचारतात, घरी सगळे बरे आहेत ना साहेब. आणि तू दर वेळी म्हणतोस, हो मॅडम, सगळे बरे. मला वाटायचं गिऱ्हाईक फार चांगलं आहे." मग खाकरले. "जुन्या सिस्टीमला आणखी वर्षभर ठेवू. मोजेवाल्यांसाठी. तुझ्या बहिणीला मात्र आता तिची गरज राहिलेली नाही, असं दिसतंय. रजा किती पाहिजे?"

मी म्हटलं, रविवारी जाऊन येईन. ते म्हणाले, "रविवार कशाला? आज काय वाईट आहे?"

तर ताई, हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. गाडीत बसून लिहितोय, म्हणून अक्षर असं नाचतंय. तुझी भावजय आणि धाकटी बरोबर आहेत. धाकटी समोरच्या आजोबांना दात दाखवतेय. मला माहीत आहे, तुझ्यासमोर उभा राहिलो की माझ्या तोंडून "बोला मॅडम" याशिवाय काही निघणार नाही, म्हणून सगळं लिहून आणलं. मला तुझी फार आठवण येते. रोज येते. भांडणात कोणाचं बरोबर होतं ते मला आता आठवतही नाही आणि आठवायचंही नाही. जुना कॉम्प्युटर मी दुरुस्त करणार नाही, तू कितीही म्हटलंस तरी. यापुढे तक्रार असेल तर नाव घेऊन करायची, आणि नसेल तरी करायची.

हा कागद मी भाचीच्या हातात देईन आणि ती तो मशीनपाशी तुला आणून देईल. तिला निघताना फोन करून सांगून ठेवलंय की तुझं वाचून होईपर्यंत आमच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तिला ते जमणार नाही, चेहऱ्यावरूनच तुला कळेल. आम्ही तिघं बाहेर पायरीवर थांबलोय. घाई करू नकोस, सुई अर्ध्यात असेल तर टाका पुरा कर आणि मग ये.

तुझा धाकटा भाऊ,
बाहेर उभा आहे